उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते? घरच्या घरी कसं तपासावं आणि कसं उठावं

गेल्या पावसाळ्यात आई पहाटे बाथरूमला जायला उठली आणि दाराशीच कोसळली. कपाळाला खोक पडली, चार टाके घालावे लागले. दवाखान्यात खुर्चीत बसवून बीपी बघितलं, ते ठीक निघालं. साखरही ठीक होती. "वय झालं की होतं असं," एवढं ऐकून आम्ही घरी परतलो. तिचा सगळा त्रास उठण्याच्या त्या अर्ध्या मिनिटात दडलेला होता आणि बसलेल्या माणसाचं बीपी घेऊन तो कधीच सापडला नसता. सापडला तो घरातल्या बीपीच्या मशीनने, एका वहीने आणि दहा मिनिटांच्या तपासणीने. ती तपासणी कशी करायची आणि आकडे हातात आल्यावर काय करायचं, ते सांगते.

आधी कळू दे, उठताना आत काय होतं

आपण शांत बसलेलो असताना हृदय एका ठोक्याला सुमारे ७० मिलिलिटर, म्हणजे साधारण एका कटिंग चहाएवढं रक्त पुढे ढकलतं. मिनिटाला ७० ठोके धरले तर जवळपास पाच लिटर झाले. अंगात एकूण रक्तही तेवढंच असतं. म्हणजे दर मिनिटाला सगळं रक्त एक फेरी मारून येतं. जोरात धावणाऱ्या कसलेल्या माणसाचं हृदय मिनिटाला वीस लिटरच्याही वर मजल मारतं.

पण हे रक्त सगळीकडे सारखं वाटलेलं नसतं. त्यातलं निम्म्याहून जास्त कोणत्याही क्षणी शिरांमध्ये असतं, कारण शिरा मऊ आणि ताणणाऱ्या असतात. आपण उभे राहिलो की काही सेकंदांतच अर्धा ते पाऊण लिटर रक्त पायांच्या आणि पोटाच्या शिरांमध्ये उतरतं. तेवढं रक्त हृदयाकडे परत येत नाही. हृदयाचा नियम असा, की जितकं भरेल तितक्या जोराने ते आकुंचन पावेल. कमी भरलं तर कमीच ढकलतं. म्हणून रक्तदाब उतरू लागतो.

तो सावरायला शरीराकडे फार सुंदर व्यवस्था आहे. जबड्याच्या कोपऱ्याखाली, मानेतली मोठी धमनी जिथे दुभंगते तिथे, आणि हृदयातून निघणाऱ्या महाधमनीच्या कमानीत दाब ओळखणारे मज्जातंतू आहेत. धमनीची भिंत कमी ताणली गेली की त्यांचे संदेश मंदावतात. मेंदूच्या बुडाशी असलेल्या केंद्राला लगेच कळतं. ते आधी हृदयावरचा ब्रेक सोडतं, त्यामुळे एक-दोन ठोक्यांतच नाडी वाढते. मग पुढच्या काही सेकंदांत बारीक धमन्या आणि शिरा आवळल्या जातात.

हे आवळणं किती परिणामकारक असतं? पॅरिसच्या प्वाझय या डॉक्टरने १८४० च्या दशकात बारीक काचनळ्यांतून पाणी वाहवून दाखवून दिलं, की प्रवाह नळीच्या त्रिज्येच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. नळी निम्मी अरुंद झाली तर प्रवाह सोळाव्या हिश्शावर येतो. नुसती दहा टक्के अरुंद झाली तरी प्रवाह तिसऱ्या हिश्शाने घटतो. रक्त काही पाण्यासारखं नसतं आणि धमनी काचेची नसते, पण हिशेबाचा कल तोच राहतो. म्हणून शरीराला फार मोठी उलथापालथ करावी लागत नाही. कातड्याकडे आणि आतड्याकडे जाणाऱ्या वाटा किंचित आवळल्या की मेंदूच्या वाट्याचं रक्त शाबूत राहतं. आणि मेंदूला ते लागतंच. वजनाने शरीराच्या फक्त दोन टक्के असलेला मेंदू, विश्रांतीच्या वेळी हृदयातून निघणाऱ्या रक्तापैकी साधारण पंधरा टक्के घेतो.

हे सगळं वेळेत झालं नाही, की डोळ्यांपुढे अंधारी येते.

हातावर एक प्रयोग करून बघा

पुढचे उपाय पटायचे असतील तर हा प्रयोग जरूर करा. विल्यम हार्वे या इंग्रज डॉक्टरने १६२८ मध्ये तो चित्रांसह छापला आणि रक्त एकाच दिशेने फिरतं हे जगाला पटवलं. दंडाला ओढणी बऱ्यापैकी घट्ट गुंडाळा, पण मनगटाची नाडी लागत राहिली पाहिजे. मूठ आवळा, सोडा, आवळा, सोडा. हाताच्या शिरा फुगतील आणि मध्येमध्ये बारीक गाठी दिसतील. त्या गाठी म्हणजे शिरेतल्या झडपा. आता मनगटाकडच्या बाजूला शिरेवर एक बोट दाबून धरा. दुसऱ्या बोटाने तिथून कोपराच्या दिशेने, पुढच्या गाठीच्या पलीकडे, रक्त सारा आणि ते बोट उचला. बोटापासून गाठीपर्यंतची शीर सपाटच राहते. गाठीच्या वर रक्त तुंबलेलं असूनही खाली येत नाही. मग पहिलं बोट उचला. शीर खालून झरकन भरते.

ओढणी एक-दोन मिनिटांत सोडा. डायलिसिससाठी फिस्टुला केलेला हात किंवा स्तनाच्या शस्त्रक्रियेच्या बाजूचा हात यासाठी वापरू नका.

अशाच झडपा पायांच्या शिरांमध्येही आहेत. पोटरी आवळली की तिच्यातल्या शिरा पिळल्या जातात आणि रक्ताला वर जाण्यावाचून वाट उरत नाही. पोटरीला दुसरं हृदय म्हणतात ते यामुळे. माणूस ताटकळत नुसता उभा राहिला की हा पंप बंद असतो, आणि कवायतीच्या रांगेत निश्चल उभे असलेले धडधाकट जवानही म्हणूनच कोसळतात.

झोपून आणि उभं राहून बीपी कसं घ्यावं

दंडावर पट्टा बांधायचं मशीन घ्या. सोबत एक माणूस हवाच, आणि पाठीशी खुर्ची किंवा पलंग. ही तपासणी एकट्याने करू नका. वेळ निवडायची तर सकाळी उठल्या उठल्या, चहाच्या आधी.

पाच मिनिटं पाठीवर शांत पडून राहायला सांगा. बोलणं नको, मोबाइल नको. पडल्या पडल्याच बीपी आणि नाडी मोजून वहीत लिहा. मग उभं करा. पट्टा काढायचा नाही. एका मिनिटाला एकदा आणि तिसऱ्या मिनिटाला एकदा पुन्हा मोजा. त्या वेळी काय वाटतंय तेही लिहा. डोकं हलकं वाटतंय का, मान-खांदे दुखतात का, अंधुक दिसतंय का? फार गरगरलं तर आकड्याच्या मागे न लागता लगेच आडवं करा.

इथे आमची एक चूक झाली, तुमची होऊ नये. उभं असताना आईचा हात खाली लोंबत होता आणि मशीन भलतंच चांगलं बीपी दाखवत होतं. पट्टा हृदयाच्या पातळीपेक्षा दहा सेंटीमीटर खाली गेला तर आकडा सात-आठने फुगतो. हात लोंबता असेल तर खरी घसरण लपूनच जाते. म्हणून दुसऱ्या माणसाने तो हात कोपराखालून तोलून धरावा, पट्टा छातीच्या मधोमध येईल असा.

हात धरल्यावर आईचे आकडे असे आले. पडून १४८/८२, नाडी ७२. उभं राहून एक मिनिट झालं तेव्हा ११८/७०, नाडी ७६.

उभं राहिल्यापासून तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा २० किंवा खालचा आकडा १० ने उतरला, तर त्याला उभं राहताना होणारी बीपीची घसरण म्हणतात. आईचा वरचा ३० ने उतरला. पण मला नाडीने जास्त सांगितलं. तिशी-पस्तिशीतल्या निरोगी माणसाची नाडी उभं राहताना दहा-वीसने चढते. आईचं बीपी एवढं कोसळूनही नाडी फक्त चारने हलली होती. म्हणजे मानेतून खबर जात नव्हती, किंवा हुकूम हृदयापर्यंत पोचत नव्हता. पंधरा वर्षांच्या मधुमेहात असे मज्जातंतू हळूहळू निकामी होऊ शकतात. पार्किन्सनमध्येही हे होतं. नाडी मंद ठेवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्यामुळेही ती चढत नाही, तेव्हा गोळ्यांची नावं वहीत आकड्यांशेजारीच लिहा. याउलट बीपी घसरलं आणि नाडी भराभर चढली, तर अंगात पाणी कमी पडलंय किंवा रक्त कमी झालंय का, याकडे डॉक्टर आधी बघतात.

तीन-चार दिवस मोजा. एका दिवसावर जाऊ नका.

उठायचं कसं

पडल्या पडल्याच सुरुवात करा. पाऊल पुढे ताणा, मागे ओढा, वीस-तीस वेळा. मुठी आवळा आणि सोडा. मग कुशीवर वळून हाताच्या आधाराने उठून बसा, पाय खाली सोडा आणि एक-दोन मिनिटं तसंच बसा. बसल्या बसल्या टाचा उचलत राहा. या वेळात बारीक धमन्या आवळायचं काम होऊ द्यायचं आहे, आणि थकलेल्या मज्जातंतूंना त्याला दोन-चार सेकंदांहून बराच जास्त वेळ लागतो. मग आधार धरून उभे राहा, पण लगेच चालू लागू नका. जागेवरच दहा पावलं टाका आणि मगच निघा.

पडायच्या भीतीने घाईघाईने बाथरूम गाठणारी माणसं मी पाहिली आहेत. त्या घाईतच ती पडतात. रात्री लघवीला जाणाऱ्या पुरुषांनी बसूनच करावी. पलंगाजवळ भांडं ठेवण्यात कमीपणा कसला?

उभ्या उभ्या अंधारी येऊ लागली तर पायावर पाय ओलांडून मांड्या, ढुंगण आणि पोट घट्ट आवळा. पिळलेल्या शिरांतलं रक्त वर चढतं आणि बीपी काही सेकंदांत सावरतं. तेवढ्याने भागलं नाही तर सरळ खाली बसा. लोक काय म्हणतील याचा विचार करू नका, रांगेत असाल तरीसुद्धा.

जेवण, पाणी आणि गोळ्या

पोटभर जेवलं की आतड्याकडे रक्ताचा ओघ वाढतो. वयस्कर माणसांचं बीपी जेवणानंतर तासा-दोन तासांत उतरतं ते यामुळे. पंगतीत मांडी घालून बसलेले, भात-वरण-पुरणपोळी जेवलेले आजोबा एकदम ताठ उभे राहिले, की एकाच वेळी दोन्हीकडून रक्त कमी पडतं. त्यांना पाय लांब करून दोन मिनिटं बसू द्या आणि उठताना हात द्या. घरी एकदम भरपूर जेवण्याऐवजी थोडं थोडं चार-पाच वेळा द्या. उन्हाळ्यात कातड्याकडच्या धमन्या मोकळ्या होतात आणि घामाने पाणी जातं. त्यात निर्जळी उपवास धरला तर धोका आणखी वाढतो. कढत पाण्याची आंघोळ असेल तर स्टुलावर बसून करावी.

ज्यांचे हे मज्जातंतू निकामी झालेत, त्यांच्यापैकी बऱ्याच जणांचं बीपी अर्धा लिटर साधं पाणी भराभर प्यायल्याने अर्ध्या तासाच्या आत वर चढतं. उठायच्या आधी ते पिऊन घेता येतं. पण हृदय कमजोर असेल किंवा किडनीचा त्रास असेल, तर पाणी आणि मीठ वाढवण्याआधी डॉक्टरांना विचाराच.

गोळ्यांचं तसंच. बीपीच्या गोळ्या, लघवीची गोळी, प्रोस्टेटसाठी दिलेल्या काही गोळ्या, छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची गोळी, नैराश्यावरची काही औषधं, यांनी ही घसरण वाढू शकते. मनाने एकही बंद करू नका. वही घेऊन जा. आमच्या नव्या डॉक्टरांनी वही बघून आईच्या लघवीच्या गोळीचं प्रमाण आणि वेळ बदलली. एवढ्यानेच महिन्याभरात घसरण १४ वर आली.

धावताना किंवा चढ चढताना भोवळ आली, छातीत दुखलं वा धडधडलं, शौचाला काळं झालं, बोलणं अडखळलं, एका बाजूचा हात-पाय लुळा वाटला, तर वही-मशीन बाजूला ठेवून तडक हॉस्पिटल गाठा.

आणि कुणी भोवळ येऊन पडलंच, तर चारजण मिळून त्याला उठवून बसवतात, कांदा हुंगवतात, तोंडात पाणी ओततात. यातलं काहीही करू नका. पडल्यामुळे त्याचं डोकं हृदयाच्या पातळीला आलेलं असतं आणि मेंदूला रक्त मिळू लागलेलं असतं. त्याला आडवंच राहू द्या, श्वास चालू आहे ना ते बघा, कपडे सैल करा, पाय उशीवर किंवा खुर्चीवर ठेवा. मिनिटभरात शुद्ध येते. आली नाही तर १०८ ला फोन करा. शुद्ध आल्यावरही दहा-पंधरा मिनिटं पडू द्या, मग कुशीवर वळवून वर सांगितल्याप्रमाणेच उठवा.