नाशकात एकच दिवस असेल तर

मागच्या डिसेंबरात आमच्या नणंदेच्या यजमानांचा पुण्याहून फोन आला. "वहिनी, शनिवारी येतोय. एका दिवसात नाशिक उरकायचं." पाठोपाठ व्हॉट्सअ‍ॅपवर यादी आली: त्र्यंबकेश्वर, अंजनेरी, पांडवलेणी, पंचवटी, सोमेश्वर, द्राक्षाचे मळे, आणि "वेळ उरला तर वणी". वणीचा गड इथून साठ किलोमीटर. वेळ कसला उरतोय! त्र्यंबकच्या रांगेतच दुपार झाली, पंचवटीत पोचलो तेव्हा दिवे लागले होते. जाताना म्हणाले, "तसं नाशकात बघण्यासारखं फारसं नाही हो." मी हसून चहा दिला. पण ते वाक्य काही माझ्या डोक्यातून गेलं नाही.

मी चौतीस वर्षं बँकेत काढली, त्यातली बरीचशी कॅश काउंटरला. त्यामुळे दिवसाचाही हिशेब घालायची सवय आहे. त्र्यंबक, वणी, शिर्डी हे वेगळं खातं, त्याला वेगळा दिवस. वायनरीचंही तेच. तिकडे जरूर जा, पण मग तो दिवस तिकडचाच. गावासाठी दिवस काढला असेल तर गंगा धरून राहायचं. गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो, रिक्षावाल्यालाही "गंगेवर" एवढंच सांगितलं तरी पुरतं. सकाळी गंगेचा एक काठ, मग दुसरा, दुपार सावलीत, नंतर लेणी, आणि दिवेलागणीला परत गंगेवर.

सकाळी साडेसहाला रामकुंडावर असा. मुंबईहून गाडीने येणाऱ्यांना हे जमत नाही. पंचवटी एक्स्प्रेस नावाने फसवते, ती सकाळी इथल्या नोकरदारांना मुंबईला नेते आणि रात्री आणून सोडते. तुमच्यासाठी तपोवन एक्स्प्रेस, पण ती येईपर्यंत ऊन चढतं. आदल्या रात्री मुक्कामाला आलात तर उत्तम. चारचाकी गंगेच्या अगदी कडेला नेऊ नका, पटांगणावर लावा आणि चाला. बुधवारी आलात तर घाटावर आठवड्याचा बाजार भरतो, त्या दिवशी गाडी लांबच ठेवा.

रामकुंडापाशी नदी दक्षिणेकडे वळते, म्हणून या जागेचं महत्त्व. एकीकडे कुणी अस्थी घेऊन आलेलं असतं, शेजारी कुणाचं लेकरू पाण्यात उड्या मारत असतं. फोटो काढताना एवढं भान ठेवा. घाटावरच दुतोंड्या मारुती उभा आहे. पावसाळ्यात नाशिककर एकमेकांना पाण्याची पातळी फुटात सांगत नाहीत. "मारुतीच्या गुडघ्याला लागलं", "कमरेला आलं", असं सांगतात. २००८ आणि २०१६ च्या पुरात तर सगळं गाव मारुतीकडे डोळे लावून होतं. त्याच्यासमोर उभं राहून पाणी गळ्यापर्यंत आलं तर मागची कोणती दुकानं बुडतील, याचा अंदाज करा. गाव कसं वसलंय ते त्यातूनच कळतं.

समोर पायऱ्या चढून कपालेश्वर. या महादेवापुढे नंदी नाही. शंकराला ब्रह्महत्येतून सुटायचा मार्ग नंदीने दाखवला, तो गुरू झाला, मग गुरूला समोर कसं बसवायचं, अशी कथा आहे. आमच्या आजेसासूबाई ही कथा प्रत्येक पाहुण्याला सांगायच्या आणि शेवटी आजेसासऱ्यांकडे बघायच्या.

तिथून चालत काळाराम. सरदार ओढेकरांनी अठराव्या शतकाच्या अखेरीला बांधलेलं हे काळ्या दगडाचं मंदिर आहे. दर्शन दहा मिनिटांत होतं, पण लगेच निघू नका. भोवतीच्या ओवऱ्यांत बसा. मग बाहेर येऊन दरवाजाकडे तोंड करून उभे राहा. २ मार्च १९३० रोजी याच मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांनी तो पुढे वर्षानुवर्षं चालवला. दार उघडलं नाही. १३ ऑक्टोबर १९३५ ला याच जिल्ह्यातल्या येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही, अशी घोषणा केली. आत जाताना आपण चपला काढतो आणि सरळ जातो. त्या सरळ जाण्याची किंमत लोकांनी बाहेर उभं राहून मोजली, हे माझ्या शाळेतल्या सहलीत कुणी सांगितलं नव्हतं. म्हणून मी सांगते.

सीतागुंफा जवळच आहे. वाकून, जवळजवळ बसून आत जावं लागतं. गुडघे कुरकुरत असतील किंवा रांग असेल तर बाहेरचे वड बघा आणि पुढे चला. काही बिघडत नाही.

आता मिसळ. साडेनऊपर्यंत खाऊन घ्या. कोणाची चांगली हे मी लिहिणार नाही, त्यावरून आमच्या घरात दोन तट आहेत. मोड आलेली मटकी, वेगळा रस्सा, पाव, पापड आणि दही असं ताट येतं. रस्सा आधी चमच्याने चाखा, मगच ओता. चुलीवरच्या मिसळीसाठी मखमलाबाद किंवा गंगापूर रोडला मळ्यात जायची फॅशन आहे. रविवारी तिथे नंबर लावून तास जातो. एका दिवसाच्या पाहुण्याने गावातलीच खावी.

मिसळीनंतर अहिल्याबाई होळकर पुलावरून पलीकडे या. जुनी माणसं अजून व्हिक्टोरिया पूल म्हणतात. पुलाच्या टोकाला सुंदरनारायण मंदिर, पुढे रविवार कारंजा. इथून खरं जुनं नाशिक, आणि इथे यादी खिशात ठेवा. गल्ल्या चढउताराच्या आहेत, गाव टेकड्यांवर वसलेलं. सराफ बाजार, पेशवेकालीन सरकारवाडा, भांडी बाजार. तांबट गल्लीत तांब्यावर हातोडी पडताना ऐकू आली तर थांबा. मी लग्नात आलेला बंब तिथेच ठोकून घेतला होता. तिळभांडेश्वर गल्लीत सावरकरांच्या अभिनव भारतची जागा आहे. जुन्या गावातल्याच विजयानंद थिएटरात २१ डिसेंबर १९०९ ला 'शारदा' नाटकाच्या प्रयोगाला आलेल्या कलेक्टर जॅक्सनवर अनंत कान्हेरेने गोळ्या झाडल्या.

तिवंधा चौकात मात्र मी पाहुण्यांना मुद्दाम रस्त्याच्या मधोमध उभं करते. पायाखाली रहाड आहे. रहाड म्हणजे जमिनीतला दगडी हौद, पेशवाईपासूनचा. वर्षभर त्याच्यावरून रिक्षा जातात. रंगपंचमीला उघडतात, रंगाचं पाणी भरतात आणि लोक वरून धप्पकन उड्या मारतात. होळीनंतर पाचव्या दिवशी येता आलं तर हा सगळा लेख विसरा आणि फक्त रहाड बघा. कपडे टाकाऊ घाला, तो रंग निघत नाही.

बारा ते अडीच कुठेही फिरू नका. देवळांच्या फरशा तापतात, पायांना चटके बसतात (मोजे जवळ ठेवा). जेवा, जमलं तर आडवे व्हा.

अडीचला पांडवलेणी. पंचवटीपासून आठ-नऊ किलोमीटर, मुंबई–आग्रा महामार्गाला लागून. सिटीलिंकची बस किंवा रिक्षा. रिक्षाचं भाडं बसायच्या आधी ठरवा, आणि थांबून परत आणणार का तेही. ठरवलं नाही म्हणून खाली उतरल्यावर मी एकदा दुप्पट दिलेत, तेही कॅशियर असून. पायऱ्यांची चढण पंधरा-वीस मिनिटांची. पाणी खालून न्या, माकडांना दिसेल असं खाऊ नका.

पांडवांचा इथे काही संबंध नाही. ही बौद्ध लेणी, डोंगराचं नाव त्रिरश्मी, चोवीस लेणी, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीपासूनची. सगळी पाहायला गेलात तर एकही लक्षात राहणार नाही. तीन बघा. अठरावं, म्हणजे स्तूप असलेलं चैत्यगृह. तिसरं, जिथे दगडी यक्ष सगळं लेणं खांद्यावर पेलून बसलेत. तिथल्या लेखात गौतमी बलश्री आपल्या मुलाचं, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीचं कौतुक करते: ज्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं तो. मुलगा गेल्यावर, नातवाच्या कारकिर्दीत कोरवून घेतलेला हा लेख आहे.

आणि दहावं लेणं. हे माझं. क्षत्रप म्हणजे शक राजा नहपान, त्याचा जावई उषवदात याने इथल्या भिक्षूंसाठी ३,००० कार्षापणांची (तेव्हाची नाणी) कायमची ठेव ठेवली. ठेवली कुठे? गोवर्धन गावच्या विणकरांच्या श्रेण्यांकडे, म्हणजे त्यांच्या व्यवसाय-संघांकडे. २,००० एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा १ व्याजाने. १,००० दुसरीकडे, शेकडा पाऊण टक्क्याने. मुद्दल परत मागायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. पावसाळ्यात लेण्यात राहणाऱ्या २० भिक्षूंना कापडासाठी प्रत्येकी १२. आता करा हिशेब. दोन हजारांचं महिन्याचं व्याज २०, वर्षाचे २४०. वीस भिक्षू गुणिले बारा, २४०. एक पैसा इकडचा तिकडे नाही! शिवाय हे सगळं निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत, वाचून दाखवून दप्तरात नोंदवलं, असंही कोरलंय. पहिल्यांदा हे कळलं तेव्हा मी व्हरांड्यात उभ्या उभ्या बोटांवर मोजलं आणि नंतर घरी येऊन कागदावर. गोवर्धन गाव अजून आहे, गंगापूर धरणाच्या वाटेवर. ब्राह्मी आपल्याला वाचता येत नाही, पण अक्षरं दिसतात. मोबाइलचा टॉर्च तिरका धरा, समोरून धरला तर काही उठून दिसत नाही.

पाचला खाली या, म्हणजे साडेसहापर्यंत गंगेवर पोचता. नारोशंकराचं देऊळ आता बघा, कललेल्या उन्हात. १७४७ चं बांधकाम. पुढच्या तटावरची घंटा पोर्तुगीजांची, १७२१ साली ओतलेली, चिमाजी आप्पांच्या वसईच्या विजयानंतर इकडे आलेली. मोठ्या आवाजात बोलणाऱ्याला नाशकात "नारोशंकराची घंटा" म्हणतात. आमच्या घरात ती पदवी नणंदेच्या यजमानांनाच आहे, पण त्यांना अजून कुणी सांगितलेलं नाही.

रामकुंडावर आरती होते. पुढे घुसायची गरज नाही. पलीकडच्या पायरीवर बसा, द्रोणातला दिवा सोडायचा तर सोडा. सकाळी पाहिलेला तोच मारुती, तेच पाणी, पण माणसं वेगळी असतात. भेळ तिथेच खा. चिवडा जाताना घ्या, पाव किलो जास्तच, प्रवासात संपतो. आणि गाडी नाशिकरोडहून असेल तर पाऊण तास हातात ठेवूनच उठा, द्वारकेच्या चौकात संध्याकाळी कुणाचं काही चालत नाही.