छोटी होडी घेऊन धरमतरच्या खाडीत जाताय? या चुका टाळा

रेवसवरून धरमतरच्या खाडीत कयाक नाहीतर छोटी शिडाची होडी घेऊन जायचा बेत हल्ली बरेच जण करतात आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, अंतर किती? अरे अंतराचं काय घेऊन बसलात, पाणी कुठे चाललंय ते बघा आधी.

होडी तीन नॉटची (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) आणि पाण्याची ओढ सरासरी दोन नॉट धरा. पाण्याबरोबर गेलात तर वेग पाच, उलटं गेलात तर एक. म्हणजे नऊ सागरी मैल जायला एकीकडे पावणेदोन तास, आणि दुसरीकडे सहा तास वल्हवून सहाच मैल, मग पाणी फिरल्यावर उरलेलं अंतर पाऊण तासाच्या आत. त्यापेक्षा धक्क्यावर चहा पीत थांबला असतात तर पोचायला सव्वा तास उशीर झाला असता फार तर, पण दंड तरी शाबूत राहिले असते. थांबायचं म्हटलं की नवीन मंडळींच्या जिवावर येतं.

दुसरी चूक मोबाइलवरच्या भरतीच्या वेळेची. ती वेळ बहुतेकदा मुंबईची, अपोलो बंदराची असते. खाडीत आत भरती उशिरा पोचते. आत जाताना हे फायद्याचं, भरती तुमच्याबरोबर पुढे सरकते. बाहेर येताना मात्र उलटं. ओळखीतले दोघं पौर्णिमेला खाडीच्या आतल्या टोकाकडून निघाले, ॲपमध्ये बाराची भरती बघून ठीक बाराला. तिथे पाणी अजून चढतच होतं, पहिला वेळ फुकट गेला. पुढे ओहोटीने जोरात खाली आणलं खरं, पण रेवसच्या तोंडाशी पोचेपर्यंत दुपारचा वायव्येचा वारा सुटला होता. पाणी बाहेर चाललंय, वारा आत येतोय, अशा वेळी लाटा आखूड आणि उभ्या होतात. डबा, फोन, एक वल्हं, सगळं गेलं, शेवटी मच्छीमारांच्या बोटीने ओढून आणलं. आणि वर म्हणतात कसे, हवामान तर चांगलं होतं!

उधाणाला, म्हणजे मोठ्या भरती-ओहोटीला, असंच होणार हो. पौर्णिमा-अमावस्येला आपल्याकडे भरती बाराच्या आसपास, म्हणजे अख्खी दुपार ओहोटी आणि समोरून वारा. मी बाहेर यायचा दिवस अष्टमीच्या आसपासचा धरतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ साधारण मिळते, आठाची पाऊणपट सहा. सकाळी सहाला भरती, मग दुपारपर्यंत ओहोटी, वारा पडलेला आणि भांगाचं, म्हणजे कमी चढ-उताराचं, पाणी असल्याने ओढही कमी. ॲप बघाच, पण हा हिशोब डोक्यात असू दे. रोज भरती साधारण 50 मिनिटं पुढे जाते, त्यामुळे मागच्या रविवारची वेळ या रविवारी चालत नाही.

बाकी थोडक्यात.

भरती पूर्ण झाली म्हणजे ओढ थांबली असं धरू नका, कडेचा कचरा कुठे वाहतोय ते बघा.

पाणी सारख्या वेगाने चढत-उतरत नाही, तिसऱ्या-चौथ्या तासाला सगळ्यात जोर. चार मीटरच्या उधाणात त्या एकेका तासात साधारण मीटरभर.

उधाणाच्या ऐन भरतीला कांदळवनात शॉर्टकट मारू नका. रुतलात तर पुढच्या भरत्या कमी कमी होत जातात, होडी पंधरवडाभर चिखलातच.

मालाचे बार्ज भरतीलाच आत येतात, तुमच्यासाठी ते थांबू शकत नाहीत. मी कडेने जातो.