कमी पाण्यावर फुलणारा यारो : लागवड आणि निगा

यारो (शास्त्रीय नाव अकिलिया मिलेफोलियम) ही सूर्यफुलाच्या कुळातील बहुवर्षायू वनस्पती आहे. युरोप, आशिया आणि उत्तर अमेरिकेच्या समशीतोष्ण भागांत ती कुरणांत व रस्त्यांच्या कडेला आपोआप उगवते. नेच्यासारखी बारीक चिरलेली पाने, जमिनीखालून पसरणारी खोडे आणि दूरवर जाणारी तंतुमय मुळे यांच्या बळावर एकदा स्थिरावलेले झाड पाण्यावाचून बरेच दिवस तग धरते. यारोची लागवड बिघडते ती बहुधा पाणी आणि खत गरजेपेक्षा जास्त दिल्यामुळे, आणि पुढील सर्व सूचनांचा रोख हाच आहे.

जागा निवडताना दिवसातून किमान सहा तास थेट ऊन मिळेल, हे पाहावे. सावलीत दांडे लांबट व कमकुवत होऊन आडवे पडतात. मात्र उन्हापेक्षाही निचरा अधिक महत्त्वाचा आहे, कारण यारो कोरडी जमीन सोसतो, पण मुळाशी साचलेले पाणी त्याला सोसत नाही. माती चिकण असेल, तर त्यात बारीक खडी मिसळून उंच वाफा करावा. वाळूमिश्रित, हलकी, काहीशी निकस जमीन असेल, तर तिला सुधारण्याच्या फंदात पडू नये. भरपूर कंपोस्ट किंवा नत्रयुक्त खत दिले की पाने माजतात, फुले कमी येतात आणि फुलोऱ्याच्या भाराने दांडे लवतात.

बी फार बारीक असते आणि रुजण्यासाठी त्याला उजेड लागतो. म्हणून ते ओलसर मातीच्या पृष्ठभागावर पसरून हलकेच दाबावे, मातीने झाकू नये. १८ ते २४ अंश सेल्सिअस तापमानात साधारण दोन आठवड्यांत अंकुर दिसतात. विशिष्ट रंगाची संकरित जात हवी असेल, तर बियांवर विसंबू नये, कारण बियांपासून आलेली रोपे मूळ झाडासारखी निघतीलच असे नाही; अशा वेळी जुन्या झाडाचे फुटवे मुळांसह वेगळे करून लावणे हाच खात्रीचा मार्ग होय. दोन रोपांत ३० ते ६० सेंटिमीटर अंतर ठेवावे. हवा खेळती राहिल्यास पानांवर भुरी रोग कमी येतो.

दुष्काळ सोसणारे झाड म्हणून पहिल्याच वर्षी त्याला कोरडे ठेवणे योग्य नाही. नव्या रोपाची मुळे अजून वरच्या थरातच असतात. पहिल्या हंगामात मातीचा वरचा थर सुकल्यावर सावकाश, खोलवर पाणी द्यावे. रोज थोडे थोडे शिंपडल्यास मुळे वरच राहतात. दुसऱ्या वर्षापासून दीर्घ कोरड्या काळातच अधूनमधून पाणी पुरते. उन्हाच्या ताणाने काही पाने पिवळी पडली, तरी लगेच पाणी ओतण्याची घाई करू नये.

सुकलेले गुच्छ खालच्या पानांपर्यंत किंवा बगलेतील कळीपर्यंत छाटल्यास पुन्हा बहर येतो आणि बी सांडून नको तिथे रोपे उगवत नाहीत. ही छाटणी टाळू नये, कारण यारो बियांनी पसरतो, तसाच जमिनीखालील खोडांनीही पसरतो. शेजारच्या नाजूक झाडांवर तो अतिक्रमण करू लागला, तर कडेचे फुटवे मुळासकट उपटावेत. दर दोन-तीन वर्षांनी झुबक्याचा मध्यभाग विरळ होतो; तेव्हा हवामान सौम्य असताना संपूर्ण झुबका खणून काढावा, मधला जून भाग टाकून द्यावा आणि कडेचे जोमदार तुकडे नव्याने लावावेत.

सपाट, पसरट गुच्छांतली बारीक फुले मधमाश्या, फुलपाखरे आणि मावा (झाडाचा रस शोषणारी बारीक कीड) खाणारे ढालकिडे यांना आकर्षित करतात, म्हणून या झाडावर कीटकनाशक फवारणे मला अयोग्य वाटते. वाळवण्यासाठी फुले पूर्ण उमलल्यावर कापून, जुड्या बांधून, अंधाऱ्या व हवेशीर जागी उलटी टांगावीत. कुत्रा, मांजर आणि घोडा यांना ही वनस्पती विषारी असल्याने त्यांच्या वावराच्या जागी ती लावू नये. सूर्यफूल-शेवंतीच्या या कुळातील झाडांची ॲलर्जी असणाऱ्यांनी छाटणी करताना हातमोजे वापरावेत.