गाडी डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडे परत नेण्याआधी

तक्रारीला निघण्याआधी गाडी धुवा, कारण धुळीखाली रंगाचा फरक लपतो. नव्या रंगाला नुसतं पाणी आणि मऊ फडकं पुरे, पॉलिश नको. मग सकाळच्या उन्हात गाडी मोकळ्यावर उभी करून रंगवलेलं दार आणि शेजारचा फेंडर (चाकावरचा पत्रा) तिरक्या नजरेने बघा. ट्यूबलाइटखाली जुळलेला सिल्व्हर उन्हात उघडा पडतो. मेटॅलिक रंगातले बारीक कण कसे बसतील हे फवारणीवर अवलंबून असतं, म्हणून शेड कोड, म्हणजे रंगाचा नंबर, बरोबर असूनही पॅनेल वेगळं दिसू शकतं. चांगला पेंटर अशा वेळी रंग शेजारच्या पॅनेलवर विरळ करत मिसळवतो. ते काम एस्टिमेटमध्ये धरलं होतं का, हे घरीच तपासा. नाहीतर "साहेब, तुम्ही एकाच दाराचे पैसे दिलेत" हे उत्तर ठरलेलं.

रबर बीडिंगवर, काचेवर उडालेला रंग, ओघळ, क्लिअर कोटखाली (वरच्या पारदर्शक थराखाली) अडकलेली धूळ, दार आणि फेंडरमधली कमीजास्त फट, सगळं पॅनेलप्रमाणे कागदावर उतरवा. "काम नीट नाही" याला गॅरेजमध्ये काही किंमत नसते. "डाव्या मागच्या दाराच्या खालच्या कडेला दोन ओघळ" म्हटलं की मालक खुर्चीतून उठतो. पोचा भरायची पुट्टी जाड थापल्याची शंका असेल तर फ्रिजवरचं चुंबक पातळ कापडात धरून आधी उजव्या, मग डाव्या दाराला लावा. एकीकडे पकड ढिली लागली तर संशयाला जागा आहे. बंपर प्लास्टिकचा असतो, तिथे हा प्रयोग करू नका. डिकीची चटई उचलून ओल आहे का तेही बघून घ्या. प्रत्येक दोषाचा एक लांबून, एक जवळून फोटो काढा.

कागदांत एस्टिमेट, जॉब कार्ड (गाडी घेताना गॅरेजने कामं लिहिलेला कागद), पक्कं बिल, पैसे भरल्याची नोंद आणि व्हॉट्सॲपवरचं बोलणं. पक्कं बिल घेतलं नसेल तर तक्रारीआधी मागा, नंतर ते मिळणं कठीण. विम्याच्या क्लेममधून काम झालं असेल तर नुकसान तपासणाऱ्या सर्व्हेअरच्या अहवालाची प्रत विमा कंपनीकडे मागा आणि बिलाशेजारी ठेवून वाचा. 'बदलायचं' लिहिलेलं दार ठोकून सरळ केलेलं निघालं, तर विषय नुसत्या रंगाचा राहत नाही, कंपनीलाही ईमेल करा. बिलातल्या हेडलाइटचा भाव खटकला तर पुण्यात नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानांत एक चक्कर मारून विचारा.

थोडे पैसे द्यायचे राहिले असतील तर ते अडवून धरायचा मोह होतो. पण करार कायदा, १८७२ च्या कलम १७० नुसार, सोपवलेल्या वस्तूवर ठरल्याप्रमाणे मेहनत करणाऱ्याला मोबदला मिळेपर्यंत ती ताब्यात ठेवता येते. गाडी पुन्हा आत गेली की ती तिथेच अडकायची. त्यापेक्षा ऑनलाइन पैसे भरा आणि लगेच "काम सदोष आहे, तक्रार कायम आहे" असा मेसेज टाका.

शनिवारी संध्याकाळी गॅरेजमध्ये गर्दी असते. मधल्या वारी सकाळी जा. गॅरेजच्या सर्व्हिस सल्लागाराशी नाही, मालकाशी बोला. यादीच्या दोन प्रती न्या, एकीवर सही आणि दुरुस्तीची तारीख घ्या. गाडी ठेवलीत तर नवं जॉब कार्ड आणि त्यावर 'विनामूल्य' हा शब्द हवाच.

दाद मिळाली नाही तर स्पीड पोस्टाने नोटीस, १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार, आणि शेवटी जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आयोगाकडे जायची मुदत दोन वर्षांची आहे, आणि कामाचे दिलेले पैसे पाच लाखांपर्यंत असतील तर फी लागत नाही. तोवर दुसऱ्या कुणाला पॅनेलला हात लावू देऊ नका. दुसऱ्या गॅरेजचं लेखी मत मात्र लागेल, आणि ते सहजी मिळत नाही. धंद्यातली माणसं एकमेकांविरुद्ध लिहून द्यायला बिचकतात. त्यांच्याकडे एस्टिमेट मागा. ते कुणीही देतो, आणि त्यात "जुनी पुट्टी काढून पुन्हा रंगवणे" एवढी ओळ आली तरी तुमचं काम होतं.