पेडल जड झालं की आधी काय बघायचं: ऑक्टोबरात नागपूर-अमरावती सायकलने

नागपूर ते अमरावती सुमारे 155 किलोमीटर. वाडी, बाजारगाव, कोंढाळी, कारंजा, तळेगाव, तिवसा, मोझरी असा राष्ट्रीय महामार्ग 53, रस्ता चुकायचा प्रश्नच नाही. सामान लादलेल्या सायकलवर ताशी 18 ते 20 चा वेग धरला तर आठ तास चालवणं आणि दोन तास थांबे. पहाटे पावणेसहाला दिवे लावून निघालं की चारच्या सुमारास अमरावती. या दिवसात पावणेसहालाच सूर्य मावळतो, त्यामुळे हाताशी राहतो जेमतेम दीड तास. उशिरा निघणाऱ्याचा तो पंक्चरमध्येच जातो.

पहाटे 20-21 अंश, दुपारी 32-33. घोळ या फरकात आहे. सकाळी गारवा असल्याने तहान लागत नाही, वेग आपोआप 24-25 वर जातो आणि कोंढाळी येईपर्यंत अर्धी बाटलीसुद्धा संपलेली नसते. त्याची वसुली तळेगावच्या पुढे होते. म्हणून पहिले 50 किलोमीटर शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल इतक्याच जोराने चालवा. घड्याळ लावून दर 15 मिनिटांनी दोन-तीन घोट पाणी घ्या. नाश्त्याला पोहे जरूर खा, पण तर्री परतीनंतर. तिखट, तेलकट रस्सा पोटात घेऊन चार तास वाकून बसणं म्हणजे दिवसभर आंबट ढेकर.

तरीही दुपारी पाय जड होतीलच. तेव्हा लगेच पायांना दोष देऊ नका. खाली उतरा आणि आधी सायकल बघा, कारण तो दोष दोन मिनिटांत दूर होतो.

मागचं चाक उचलून फिरवा. ते आपोआप दहा-बारा फेरे न मारता थांबलं तर ब्रेक घासतोय. बहुतेक वेळा पंक्चर काढल्यावर चाक खाचेत तिरकं बसलेलं असतं. क्विक रिलीज (चाक आवळणारी आसाची दांडी) सैल करा, सायकल जमिनीवर सरळ उभी धरून सीट वरून दाबा, चाक खाचेत पूर्ण बसलं की आवळा. चाक डुलत असेल तर एखादी तार तुटली आहे का बघा. मागच्या चाकाला गिअरच्या बाजूची तार सामानाच्या वजनाने आधी जाते. तुटलेली तार शेजारच्या तारेभोवती गुंडाळा, रिम ब्रेक (चाकाच्या कडेला दाबणारा) असेल तर तो थोडा उघडा करा आणि हळू चालवत गाव गाठा.

मग हवा. 32 मिलिमीटरचा टायर, 70 किलोचा चालक आणि मागे 8-10 किलो सामान असेल तर पुढे 55 आणि मागे 65-70 पीएसआय ठीक, टायरच्या बाजूवर छापलेली मर्यादा ओलांडू नका. अंगठ्याने दाबून पाहणं फसवं आहे. 50 की 65 हे त्याने कळत नाही. हवेचा दाब मोजणारा छोटा गेज 50 ग्रॅमचाही नसतो, तो ठेवाच.

हवा हळूहळू उतरत असेल तर या रस्त्यावर दोनच संशयित: बाभळीचा काटा आणि ट्रकच्या फाटलेल्या टायरमधली बारीक लोखंडी तार. ही तार केसाएवढी असते, बाहेरून दिसत नाही. ट्यूब काढल्यावर कापसाचा बोळा टायरच्या आतून गोल फिरवा. जिथे तंतू अडकतील तिथे ती आहे. बोटाने शोधाल तर बोट कापेल. चिमट्याने उपटा, नाहीतर नवी ट्यूबही दहा किलोमीटरवर बसेल. पॅच लावताना पॉलिश पेपरने घासा, सोल्यूशनचा पातळ थर द्या आणि पाच मिनिटं हात बांधून बसा. ओल्या सोल्यूशनवर लावलेला पॅच उन्हात तापला की सरकतो. ट्यूबचा व्हॉल्व्ह प्रेस्टा, म्हणजे बारीक नळीचा, असेल तर पितळी अॅडाप्टर खिशात हवा. पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर मोटारसायकलच्या व्हॉल्व्हचा असतो.

गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखतंय? सीटपोस्ट, म्हणजे सीटखालची दांडी, खाली सरकला असेल. घरूनच पोस्टवर इन्सुलेशन टेपची खूण करून ठेवा. टाच पेडलवर ठेवून पेडल सर्वांत खाली नेल्यावर पाय सरळ व्हावा, एवढी उंची.

सायकल ठीक असेल, तर पोट. अंग थरथरतंय, उगाच चिडचिड होतेय, साधा हिशेब जमत नाहीये, म्हणजे साखर संपली. दोन केळी किंवा आठ-दहा खजूर आणि गोड चहा घ्या, 20 मिनिटं सावलीत बसा. मग हलक्या गिअरवर निघा. ही वेळ येऊच नये म्हणून तासाला 30 ते 60 ग्रॅम कर्बोदकं लागतात: एक केळं साधारण 25 ग्रॅम, पाच लहान खजूर तेवढेच. कोंढाळी परिसरात या दिवसात आंबिया बहाराची संत्री मिळतात, ती खावीच, पण त्यात पाणी जास्त आणि साखर कमी. नुसत्या संत्र्यांवर घाट चढत नाही.

उन्हात तासाला 500 ते 750 मिलिलिटर पाणी लागतं. ओआरएसची 20.5 ग्रॅमची पुडी एक लिटरसाठी असते. ती 750 च्या बाटलीत रिकामी केली की द्रावण घट्ट होतं, तहान भागत नाही आणि पोट ढवळतं. उलट, नुसतं साधं पाणी ढोसत राहिलात आणि डोकं दुखून मळमळ सुरू झाली, बोटांतली अंगठी घट्ट झाली, तर शरीरातलं मीठ कमी पडलंय. पाणी आवरा, खारट काहीतरी खा. एखादा असंबद्ध बोलायला लागला किंवा अंग भट्टीसारखं तापलं, तर तो थकवा नव्हे. त्याला सावलीत आडवं करा, कपडे भिजवा, वारा घाला आणि 108 ला फोन लावा.

थांबा दहा मिनिटांचा ठेवा, जेवणाचा अर्धा तास. पाऊण तासाच्या पुढे बसलात की पाय आखडतात.

सोयाबीन काढणीच्या दिवसात थ्रेशरचा भुसा चेनवर बसतो. कोरड्या फडक्याने चेन पुसा, प्रत्येक रोलरवर एकेक थेंब तेल द्या, पेडल उलटं फिरवून वरचं तेल पुन्हा पुसून काढा. तेल तसंच राहिलं तर त्यावर धूळ चिकटून त्याची घासणारी लेई होते.

परतीचा दिवस जास्त अवघड धरा. मान्सून परतल्यावर वारा असलाच तर बहुधा पूर्वेकडून, म्हणजे तोंडावर. सकाळी सूर्यही समोर असतो, आणि तो मागून येणाऱ्या ट्रकवाल्याच्याही डोळ्यांवर असतो. म्हणून मागचा लाल ब्लिंकर आणि चमकणारं जॅकेट सकाळी आठपर्यंत काढू नका, आणि कापसाच्या गाडीला ओलांडण्याआधी मागे वळून बघा, नुसत्या आवाजावर विसंबू नका.