शिडाच्या बोटीवर कॉकटेल पार्टी? या चुका टाळा

काजूचा मोसम आला, बाजारात हुर्राक, म्हणजे काजूच्या बोंडांच्या रसाची हलकी दारू, दिसायला लागला, की मांडवीवर शिडाच्या बोटीतून पार्टी करायची टूम निघते. मी बरीच वर्षं पणजीहून बोट काढतोय आणि दर एप्रिलला त्याच चुका बघतोय.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे शीड वर असताना ग्लास भरणं. दुपारनंतर वायव्येचा वारा भरला की बोट कलते, आणि दिशा जरा चुकली की बूम, म्हणजे शिडाखालचा आडवा दांडा, झटक्यात या बाजूचा त्या बाजूला जातो. ग्लास सांभाळणाऱ्याचं लक्ष ग्लासात असतं, डोक्यावर नसतं. माझा शिरस्ता असा: मांडवीच्या मुखाजवळच्या आग्वाद भूशिराच्या आडोशाला जायचं, शीड उतरवायचं, नांगर टाकायचा. तीन मीटर पाणी असेल तर निदान पंधरा मीटर दोर सोडायचा. नांगराने धरलंय याची खात्री झाली की मगच बाटली उघडायची. सुकाणूवरचा माणूस धक्क्याला लागेपर्यंत थेंबही घेत नाही. ‘एकाने काय होतंय’ म्हणणाऱ्याला मी बोटीवर घेत नाही.

दुसरी चूक काचेची. चार वर्षांपूर्वी एका पाहुणीने लांब दांडीचे ग्लास आणले, फोटोत छान दिसतात म्हणून. मीही नको म्हणालो नाही. नांगरावर असताना एका मोठ्या क्रूझबोटीची लाट आडवी आली आणि दोन ग्लास कॉकपिटमध्ये, म्हणजे बोटीतल्या बसायच्या खोलगट जागेत, फुटले. सगळे अनवाणी. सांडलेल्या पेयात आणि बर्फाच्या पाण्यात काच दिसत नाही. माझ्या मित्राची टाच चांगली अर्धा इंच कापली, पांढऱ्या डेकवर रक्ताचे ठसे उमटले. आम्ही घाईने बादलीभर पाणी ओतून सगळं धुऊन काढलं, ती आणखी एक चूक. पावसाळ्याआधी बोट वर काढली तेव्हा तळच्या पंपाच्या जाळीत तांदळाच्या कणीएवढे काचेचे तुकडे अडकलेले होते. आता माझ्या बोटीवर फक्त स्टीलचे पेले. प्लास्टिकचे पेले वाऱ्याने उडून नदीत जातात, तेही नकोत.

लिंबं बोटीवर कापत बसू नका. हलत्या बोटीत सुरी कशाला? रस, मीठ, चिरलेली हिरवी मिरची आणि हुर्राक घरीच स्टीलच्या झाकणाच्या बाटल्यांत भरून आणा. लिमका तेवढी वर ओता. हुर्राक साधारण १५ टक्क्यांचा, फेणी ४२च्या आसपास. हुर्राकच्या मापाने फेणी ओतणारे नवशिके सूर्यास्ताआधीच आडवे होतात. उन्हात, रिकाम्या पोटी तर अजिबात नको.

फॅक्टरीतली बर्फाची लादी गोणपाटात गुंडाळा, पण ती थंडाव्यापुरती. पेल्यात घालायचा बर्फ घरचा, बंद पिशवीत.

कोकमाचं पेय शिडापासून लांब ठेवा, डाग जात नाही. लाइफ जॅकेट सगळ्यांनी घाला, पोहता येणाऱ्यांनीसुद्धा.

अंधार पडला की वारा बहुधा पडतो आणि परत इंजिनावरच यावं लागतं. डिझेल निघतानाच बघा, आणि ओहोटीची वेळही. मांडवीच्या मुखाशी वाळू साचलेली असते आणि आमच्या बोटीच्या तळाला दीड मीटर पाणी लागतं.