गावच्या फुटबॉल क्लबच्या जुन्या वस्तूंचा मेळा भरवायचाय? मग असं करा

गोव्यातल्या क्लबांचा जुना ऐवज आज लोकांच्या घरात पडून आहे, कुणाच्या ट्रंकेत जर्सी, कुणाच्या कपाटात मेडल, कुणाकडे पेपरची कात्रणं, आणि ज्यांना त्यामागची गोष्ट माहीत आहे ती माणसं आता सत्तरी-ऐंशीत आहेत. म्हणून मेळ्याचं पहिलं काम गोष्टी नोंदवून घेणं, खरेदी-विक्री त्याच्या नंतर. हे एवढं डोक्यात पक्कं असलं की बाकीचं आपोआप जमत जातं.

आजच्या पोरांना एफसी गोवा माहीत आहे, पण तो क्लब 2014 चा. त्याच्या आधी 2007-08 ते 2012-13 सलग सहा सीझन आय-लीगची, म्हणजे देशातल्या तेव्हाच्या सगळ्यात वरच्या फुटबॉल लीगची, ट्रॉफी गोव्यातच राहिली हे सांगितलं तर विश्वास बसत नाही त्यांचा! गोव्याच्याच क्लबांनी ती जिंकली, धेंपो तीन वेळा, चर्चिल ब्रदर्स दोनदा, साळगावकर एकदा. आणि 2016 मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा हे तिघंही त्या लीगमधून बाहेर पडले, त्यामुळे त्या काळातले झेंडे, तिकिटं, पासेस हे सगळं एकदम जुनं होऊन गेलं. ते टाकून द्यायच्या आत गोळा करा.

जागा म्हणाल तर क्लबचा हॉल, पंचायत हॉल किंवा देवळाचा सभामंडप, काहीही चालेल, फक्त भिंतीला ओल नको आणि ऊन थेट टेबलावर येता कामा नये. पावसाळ्यात अजिबात नको, जुन्या कागदाला बुरशी लगेच धरते. पंचायतीची परवानगी आधी घ्या, आणि विक्रीचं टेबल असेल तर सोपो (बाजारात बसायची फी) वगैरे द्यावा लागतो का तेही तेव्हाच विचारून घ्या.

वस्तू मागायला व्हॉट्सॲपवर मेसेज टाकून बसू नका, घरी जा. जुन्या खेळाडूकडे जाताना त्याला ओळखणारा कुणीतरी बरोबर असू दे, "काका, तुमचा तो फोटो दाखवता का जरा" एवढंच म्हणा आणि मग ते बोलतील ते ऐका, विचारून मोबाइलवर रेकॉर्ड करा. कोण कुठल्या पोझिशनला खेळायचा, मॅचला कसे जायचे, बूट कुणाचे घालायचे, हे सगळं कुठल्याच पेपरात सापडणार नाही. वस्तू नेताना चिठ्ठी दोन प्रतींत करा: काय नेलं, कुठल्या अवस्थेत आहे, कधी परत देणार, खाली दोघांच्या सह्या, आणि तिथेच फोटो काढून ठेवा. ओळखीच्या घरात हे जरा अवघड वाटतं, पण करायचंच.

आता तारीख तपासणं, मला यातला सगळ्यात आवडणारा भाग. माणूस आठवणीत वर्ष चुकतो, त्यात त्याचा खोटेपणा नसतो, पण लेबलवर बरोबर वर्ष लागलं पाहिजे. मडगावातल्या फातोर्ड्याचं स्टेडियम 1989 मध्ये सुरू झालं, म्हणजे 1985 चं फातोर्ड्याचं तिकीट कुणी आणलं तर मॅच तरी दुसरी किंवा वर्ष तरी दुसरं. आय-लीग 2007 मध्ये आली, त्याआधी नॅशनल फुटबॉल लीग होती, साळगावकरने ती 1998-99 ला जिंकली, धेंपोने 2004-05 आणि 2006-07 ला, तेव्हा 2005 ची म्हणून जी जर्सी विकायला येते आणि बाहीवर आय-लीगचा बिल्ला असतो ती सरळ बाजूला ठेवा. लेटरहेडवर पिन कोड असेल तर ते 1972 च्या नंतरचं. संतोष ट्रॉफीचे, म्हणजे राज्याराज्यांच्या टीममधल्या स्पर्धेचे, फोटो खूप येतात, 1983-84 ला गोलकीपर ब्रह्मानंद शंखवाळकरांच्या कॅप्टनशिपमध्ये गोव्याने एकही गोल न खाता ती ट्रॉफी जिंकली, त्या टीमचा फोटो मिळाला तर एक पूर्ण टेबल त्याला द्या. अडलंच तर पणजीला पाटोवर कृष्णदास शामा सेंट्रल लायब्ररीत जुने पेपर आहेत, एक दिवस काढून जा आणि मॅचचा रिपोर्ट शोधा.

सांभाळायचं कसं? कात्रणं लॅमिनेट करू नका, प्लीज, एकदा केलं की कागद परत मोकळा होत नाही. चिकट पानांच्या आल्बममध्ये फोटो ठेवू नका, फोटोच्या मागे लिहायचं तर मऊ पेन्सिलने हलकं लिहा, बॉलपेनने नाही. हल्लीची मशीनमधून येणारी गुळगुळीत तिकिटं काही वर्षांत कोरी होतात, ती आधी स्कॅन करा. जर्सी बारीक तारेच्या हँगरला लटकवू नका, खांद्याला ताण येतो, सुती कापडावर आडवी ठेवा, प्रिंटवर इस्त्री नको, आणि मॅचमध्ये घातलेली असेल तर मालकाला विचारल्याशिवाय धुऊ नका, काही लोकांना ते मातीचे डागच हवे असतात. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका, थोड्या दिवसांनी बदलत राहा.

टेबलं तीन प्रकारची लावा, फक्त बघायची, अदलाबदलीची आणि विक्रीची, आणि तिन्ही लांब लांब. मेडल आणि ट्रॉफी विक्रीला ठेवू देऊ नका असं माझं स्पष्ट मत आहे, गरजेपोटी घरचा माणूस ते स्वस्तात देऊन टाकतो आणि मग नातवंडं शोधत फिरतात. विक्रीत ओरिजिनल आणि रेप्लिका वेगळं लिहा, किंमत चिठ्ठीवर आधीच लावा. मॅचमध्ये घातलेली आहे असं सांगून कुणी जास्त पैसे मागत असेल तर त्याच मॅचचा फोटो मागा, स्पॉन्सरचं नाव, नंबरची शिलाई, कॉलर जुळवून बघा, काहीच नसेल तर साध्या जर्सीचे पैसे द्या.

एका कोपऱ्यात स्कॅनर आणि दोन पोरं बसवा, लोक ऐनवेळी पिशवीतून फोटो घेऊन येतातच. प्रत्येक टीम फोटोची झेरॉक्स काढून डोक्यावर नंबर टाका आणि डावीकडून उजवीकडे नावं भरून घ्या, राखीव खेळाडू आणि ग्राउंडवर पाणी देणारा सुद्धा. दोघांनी वेगळं नाव सांगितलं तर दोन्ही लिहा, कुणी सांगितलं तेही लिहा, नंतर तिसरा कुणी येऊन तो वाद मिटवतो.

मेळा संपला की वस्तू त्याच संध्याकाळी चिठ्ठी बघून परत करा, आणि आठवड्याभरात स्कॅनची एक कॉपी त्या घरी, एक क्लबच्या सेक्रेटरीकडे आणि एक गावाबाहेर कुणाकडे तरी द्या. ज्या चेहऱ्यांची नावं मिळाली नाहीत त्यांची यादी करून ठेवा, पुढच्या टूर्नामेंटच्या फायनलला जुने खेळाडू येतात तेव्हा ती झेरॉक्स घेऊन त्यांच्याकडे जा.